बाई, हा पक्षी माझा नाही

रविवारी संध्याकाळी त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायलाही जागा उरली नव्हती. एका टोकाला बाप पुठ्ठ्याचा डोंगर उभा करत होता. चौथीतल्या मुलीला शाळेत जलचक्राचा प्रकल्प न्यायचा होता. कापसाचे ढग, निळ्या चकचकीत कागदाची नदी आणि डोंगराच्या पोटात लपवलेला छोटा पंप. बटण दाबलं की खरोखरचा पाऊस पडणार होता! बाप एरवी बँकेत नोकरी करायचा, पण आज त्याच्या अंगात इंजिनिअर संचारला होता. मुलगी खुर्चीवर गुडघे टेकून बघत होती. तिने हळूच एक ढग उचलला.

"हां, हां! हात लावू नकोस, बिघडेल!" बाप ओरडला.

"पण बाबा, प्रकल्प माझा आहे ना?"

"तुझाच आहे गं राणी. म्हणून तर एवढा नीट करतोय!"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आईला हसू आवरेना. "चौथी पास व्हायची दुसरी संधी मिळालीय तुम्हाला. सोडू नका!" ती म्हणाली आणि पुन्हा आपल्या कामात बुडाली.

ती एका शाळेत चित्रकला शिकवायची. शाळेत सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत, आणि आपणही तसंच म्हणू. बाईंच्या समोर शाळेचा टॅब होता आणि शेजारी एका पक्ष्याचं रेखाचित्र. टॅबचा कॅमेरा त्या चित्रावर धरला, की पडद्यावर तोच पक्षी कागदातून उठायचा, पंख पसरायचा, टेबलावरून एक गिरकी घेऊन पुन्हा कागदात येऊन बसायचा. खोलीही खरी दिसायची आणि तिच्यात उडणारा पक्षीही. या तंत्राला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. पक्षी उडावा म्हणून त्याच्या हालचालीची एकामागोमाग चित्रं काढून त्यांचं ॲनिमेशन करावं लागतं. बाईंनी ती सगळी स्वतः काढली होती. पिसांवर निळ्याच्या इतक्या छटा, की बघणाऱ्याची नजर हलू नये.

एवढी मेहनत उगाच नव्हती. चित्रकलेचा तास म्हणजे शाळेत कुणीही यावं आणि टपली मारून जावं, अशी गत होती. गणिताचा धडा मागे राहिला, घ्या चित्रकलेचा तास. परीक्षा जवळ आली, घ्या चित्रकलेचा तास. आणि आता मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, एक वेगळीच बातमी घेऊन आल्या होत्या.

"पुढच्या वर्षापासून पाचवीचा चित्रकलेचा तास काढून व्याकरणाला द्यावा, असं संस्थेत चाललंय. अध्यक्ष स्वतः तुमचा तास बघायला येणार आहेत. हे टॅब कपाटात धूळ खात पडलेत. ते वापरून असं काही करून दाखवा, की त्यांनी तोंडात बोट घातलं पाहिजे! मुलांकडून चार वाक्यं पाठ करून घ्या. कुठेही चूक नको."

बाईंनी मान डोलावली होती. तास वाचवायचाच, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. आणि तास वाचवायचा तर पक्षी देखणाच उडायला हवा!

सोमवारी पाचवीच्या वर्गात रंगीत तालीम झाली. बाईंनी प्रत्येकाला पक्ष्याचं छापील रेखाचित्र दिलं. मुलांनी ते रंगवलं. मग बाईंनी टॅब धरला, आणि एकेका बाकावरून निळा पक्षी झेपावला. वर्गात एकच गलका झाला. "उडाला! उडाला!" मागच्या बाकावरची मुलं बाकावर चढली. बाईंच्या मनात आलं, आता अध्यक्ष काय, त्यांचे आजोबा आले तरी तास बंद होत नाही!

फिरत फिरत त्या पिटुकलीच्या बाकापाशी आल्या. वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी म्हणून तिला हे नाव पडलं होतं. पिटुकलीने पक्षी जांभळा रंगवला होता. नुसता जांभळा नाही, तर छापील रेघ ओलांडून त्याच्या डोक्यावर एक झुपकेदार तुरा काढला होता. एक पंख पोटाशी मिटलेला दाखवला होता. बाईंनी टॅब धरला. पक्षी उठला. निळा, दोन्ही पंख पसरलेला, बिनतुऱ्याचा.

पिटुकलीने पडद्यात पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं.

"बाई, माझा पक्षी कुठे गेला?"

"अगं, हाच की!"

"हा माझा नाही. माझ्याचा पंख दुखतोय. तो उडत नाही, उड्या मारतो."

"बरं, पण बघ ना, किती छान उडतोय!"

पिटुकलीने आपला कागद उलटा करून ठेवला आणि त्यावर दोन्ही कोपरं टेकून बसली. बाकीची मुलं टाळ्या वाजवत होती. बाई पुढच्या बाकाकडे वळल्या खऱ्या, पण पायात काटा मोडावा तसं काहीतरी झालं. शाळा सुटेपर्यंत ते सलत राहिलं.

घरी आल्या, तर तिथे वेगळंच नाटक. नणंद आली होती. नवऱ्याची धाकटी बहीण, फिजिओथेरपिस्ट. लकवा मारलेल्यांना, हाडं मोडलेल्यांना पुन्हा चालायला शिकवणं हे तिचं काम. तिच्यासमोर सोफ्यावर भाची फुगून बसली होती. शेजारी जलचक्राचा डोंगर, त्यावर सोनेरी तारा चिकटवलेला.

"पहिला नंबर आलाय, आणि बघ चेहरा!" नवरा वैतागला होता. "या पोरीला काय हवंय, तेच कळत नाही."

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

मुलीचा बांध फुटला. "टीचरनी सगळ्यांसमोर विचारलं, पाऊस कसा पडतो ते सांग. मी म्हटलं, बाबांना विचारून सांगते. सगळे हसले! मला नकोय तो तारा. बाबांच्या वहीत लावा."

नवऱ्याचा चेहरा एवढासा झाला. बाईंना वाटलं, नवऱ्याला दोन शब्द सुनवावेत. "मी काल चेष्टेत सुचवलं होतं! पोरीला जरा हात लावू द्यायचा होता ना..."

"वहिनी," नणंद मध्येच म्हणाली, "दादाला बोलायच्या आधी एक विचारू? तुझा तो निळा पक्षी दादाने मला दाखवला. सुरेख आहे. तो कुणी काढला?"

"मी."

"आणि अध्यक्षांना काय सांगणार? मुलांनी केलाय म्हणून?"

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात, ते हेच! पण माणूस इतक्या सहज कबूल होत नाही.

"माझी गोष्ट वेगळी आहे," बाई जरा तडकूनच म्हणाल्या. "तास जाणार आहे गं माझा. मुलांनी काढलेलं वेडंवाकडं दाखवलं, तर उद्याच व्याकरण सुरू होईल. आणि माझ्या मेहनतीचा फायदा मुलांनाच आहे ना? प्रेमापोटीच करतेय मी हे."

"प्रेमापोटीच बिघडतं सगळं." नणंदेने पाय वर घेऊन मांडी घातली. म्हणजे आता ती लांबण लावणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "माझ्याकडे एक आजोबा येतात. उजवा हात लुळा पडलाय. मी त्यांना शर्टाचं बटण लावायला देते. धडपडतात बिचारे, घाम फुटतो. मला ते बटण चुटकीसरशी लावता येईल. मी लावत नाही. पण त्यांची लेक आहे ना, फार मायेची. घरी गेल्यावर बाबांची सगळी बटणं तीच लावते. कपडे व्यवस्थित, भांग व्यवस्थित, चार लोक म्हणतात काय सेवा करते पोरगी! आणि हात? हात होता तिथेच. परवा ती मला विचारते, ताई, एवढे दिवस झाले, फरक का नाही पडत? काय सांगू तिला? फरक पडायला हाताला काम मिळालं पाहिजे ना!"

"मुलं काय आजारी आहेत का?" नवऱ्याने विचारलं.

"नाहीत. म्हणून तर जास्त वाईट, दादा! धडधाकट हात आपण बांधून ठेवतो आणि त्याला काळजी म्हणतो. वर शाबासकीही आपणच मिळवतो. वहिनी, माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काय आहे सांगू? स्वतःचे हात मागे ठेवणं."

बाईंच्या डोळ्यांसमोर तो उलटा ठेवलेला कागद आला. माझ्याचा पंख दुखतोय, असं ती पोर म्हणत होती, आणि आपण काय म्हणालो? बघ, किती छान उडतोय! तिचा पक्षी आपण हिसकावून घेतला, आणि वर तिने खूश व्हावं अशी अपेक्षा केली!

बाईंनी टॅब उचलला. निळ्या पक्ष्याची सगळी चित्रं निवडली. बोट क्षणभर अडखळलं. किती संध्याकाळी गेल्या होत्या त्यात! मग त्यांनी ती पुसून टाकली.

"अगं, निदान एक ठेवायचं!" नवरा हळहळला.

"नको. ठेवलं तर ऐनवेळी तेच बाहेर काढीन. मी मला ओळखते."

तिथेच टेबलावर नवी आखणी सुरू झाली. मुलांनी चित्र कुठलं काढायचं? ज्याचं त्याने ठरवायचं. अट एकच, ते हलणारं हवं. आधी हालचाल डोळ्यांनी बघायची. एखाद्या मुलाने दारापर्यंत चालत जायचं, मध्येच 'थांब' म्हटलं की पुतळ्यासारखं थांबायचं, आणि बाकीच्यांनी बघायचं की हात कुठे आहे, पाय कुठे आहे. मग हालचालीचे टप्पे कागदावर काढायचे. टॅबने त्यांचे फोटो मुलांनीच घ्यायचे, मुलांनीच जोडायचे. टॅब थोडे, मुलं फार; तेव्हा गट करायचे. बाईंनी काय करायचं? टॅब कसा चालतो तेवढं दाखवायचं आणि बाजूला व्हायचं.

हे जमतं का बघायला त्यांनी लेकीलाच समोर बसवलं. तिने एक गोगलगाय काढली, शिंगं हलण्याचे तीन-चार टप्पे. अगदी फिकट, भीत भीत. टॅबला काही ती दिसेना. बाईंच्या बोटांना इतकी खाज सुटली की शेवटी त्या स्वतःच्या हातांवरच बसल्या! लेकीने टॅब जवळ नेला, लांब नेला, दिव्याखाली धरला. मग म्हणाली, "आई, याला चष्मा हवाय वाटतं. मी जाड रेघ मारून बघू?" तिने जाड रेघ मारली, आणि गोगलगाय शिंगं हलवत टेबलावर आली. लेक जागच्या जागी अशी उडाली, की खुर्ची आडवी झाली. सोनेरी ताऱ्याने जे झालं नव्हतं, ते एका वाकड्या गोगलगायीने झालं!

दुसऱ्या दिवशी बाई थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, घोडामैदान जवळ आलंय, आणि तुम्ही घोडाच बदलताय? मुलांनी काहीतरी गचाळ केलं तर?"

"करतील. शिकताना गचाळच होतं, मोठ्या बाई."

"अध्यक्षांना तुम्ही ओळखत नाही. तरुणपणी स्वतः चित्रं काढायचे ते. वाकडी रेघ त्यांना सहन होत नाही. आणि तास गेला तर?"

बाई म्हणाल्या, "गेला तर वाईट वाटेल. पण माझंच काम मुलांचं म्हणून दाखवून जो तास टिकेल, तो चित्रकलेचा नसेल. तो नकलेचा तास असेल. तो टिकवून काय करू?"

"हात दाखवून अवलक्षण करताय," मोठ्या बाई म्हणाल्या. पण नको म्हणाल्या नाहीत.

अध्यक्ष आले तेव्हा वर्ग म्हणजे बाजार झाला होता. रंगांच्या डब्या जमिनीवर, कागद बाकांवर, आणि मुलं कुठेही. कुणी बेडूक काढत होतं, कुणी आजीची हलती खुर्ची, कुणी वाफ उठणारा चहाचा कप. मोठ्या बाई दाराशी उभ्या राहून रुमालाने कपाळ टिपत होत्या. पाठ केलेलं एकही वाक्य कुणी म्हटलं नाही. उलट एकजण अध्यक्षांना म्हणाला, "आजोबा, जरा सरका, तुमची सावली पडतेय."

अध्यक्ष सरकले. सरकत सरकत ते ढगोबाच्या बाकापाशी आले. हा मुलगा कायम खिडकीतून ढगांकडे बघत बसायचा, म्हणून ढगोबा. त्याने एकामागोमाग घोडे काढले होते. अध्यक्षांनी चष्मा सावरला. त्यातल्या एका घोड्याला पाच पाय होते.

"हे काय रे? घोड्याला पाय किती असतात?" असं म्हणत त्यांनी ढगोबाच्या हातातली पेन्सिल घेतली. "आण इकडे. मी दाखवतो." त्यांनी खोडरबर उचललं. ढगोबाने निमूटपणे दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्याला याची सवय असावी.

बाईंनी ते पाहिलं. वर्गात क्षणभर काहीच बदललं नव्हतं, गोंगाट तसाच होता. तास या माणसाच्या हातात होता. आणि पेन्सिलही!

"साहेब," बाई म्हणाल्या, "पेन्सिल त्याला परत द्या."

मोठ्या बाईंनी डोळेच मिटले.

"मला सांगताय?" अध्यक्षांनी वर पाहिलं. "अहो, चूक आहे ती. दुरुस्त करून देतोय."

"चूक असली तर त्याची आहे, साहेब. ती त्यालाच सापडू द्या. आपण सुधारली, तर घोडा आपला होईल. आपल्याला घोडा काढता येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मला बघायचंय, त्याला काय येतं."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. पेन्सिल हातातच राहिली. मग ढगोबाच बोलला, खाली मान घालून. "पाचवा पाय नाहीये तो. तो पळतोय ना, मग पुढचा पाय आधी इथे होता आणि मग इथे आला. मला दोन्ही दिसले."

अध्यक्षांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग पेन्सिल मुलाच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारच्या बाकावर बसले. लहान मुलांच्या बाकावर गुडघे मावेनात, तरी बसले.

ढगोबाच्या गटाने चित्रांचे फोटो जोडले. टॅब धरला. घोडा कागदातून उठला, शेपटी उडवली, आणि धावत सुटला. उलटा! शेपटी पुढे, तोंड मागे! वर्ग हसून लोटपोट. अध्यक्षांनीही हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले.

बाईंचे हात टॅबकडे झेपावले होते. त्यांनी ते पाठीमागे घट्ट धरले.

"थांबा, थांबा!" ढगोबा ओरडला. "पहिलं चित्र शेवटी गेलंय!" त्याने स्वतः चित्रं उलटवली. पुन्हा टॅब धरला. आणि घोडा बाकावरून, वह्यांवरून, अध्यक्षांच्या कोटाच्या बाहीवरून सरळ दौडत गेला! खिडकीतून बघत बसणाऱ्या त्या मुलाच्या तोंडावर जे उमटलं, ते कुठल्याही रंगपेटीत सापडायचं नाही. पलीकडे पिटुकलीचा जांभळा पक्षी एक पंख मिटून टुणटुण उड्या मारत दप्तरांवरून चालला होता, आणि ती त्याला सांगत होती, "हळू, हळू, घाई नाही."

जाताना अध्यक्ष दारात थांबले. "बाई, मला कुणी असं थांबवलं नव्हतं," ते म्हणाले. आवाजात राग होता की काय, कळेना. "माझ्या मुलाची सगळी चित्रं मी नीट करून द्यायचो. बक्षिसं मिळायची त्याला. पुढे त्याने चित्र काढणं सोडलं. मला वाटायचं, त्याला आवड नाही." एवढं बोलून ते गेले.

तास राहिला. व्याकरणाच्या बाई अजून अधूनमधून त्याच्यावर डोळा ठेवून असतात. पण टॅबचं कपाट आता उघडं असतं. आणि ज्या मोठ्या बाईंना एकही चूक नको होती, त्यांनीच पालकांच्या सभेत उभं राहून जाहीर केलं, "यापुढे मुलांचे प्रकल्प शाळेतच होतील, मुलांच्याच हाताने. वाकडे झाले तर वाकडेच भिंतीवर लागतील."

पालकांत कुजबुज झाली. एक बाप उठून म्हणाला, "मग माझ्या मुलाचे मार्क कमी होतील!"

"होतील," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण जे पडतील, ते त्याचे असतील."

मित्रहो, आपल्यातला प्रत्येकजण कधी ना कधी पुठ्ठ्याचा डोंगर करणाऱ्या त्या बापाच्या जागी उभा असतो. लेकराचं चित्र आपण सुधारतो, निबंध आपण सांगतो, प्रकल्प आपण करतो, आणि मग मोठेपणी त्याला काहीच स्वतःहून सुचत नाही म्हणून कुरकुरतो! नवी यंत्रं घरात येतील, शाळेत येतील, डोळे दिपवणारी चित्रं क्षणात करून देतील. त्यांचं स्वागतच आहे. पण यंत्र असो की आई-बाप, बाई असोत की अध्यक्ष, मुलाच्या हातून त्याची चूक हिरावून घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. मुलाला मदत करायचीच असेल, तर त्याच्या शेजारी बसा, बघा, विचारा, आणि आपले हात आवरा. ते सोपं नाही. पण हात आवरल्यावर जी जागा मोकळी होते, मुलं मोठी होतात ती तेवढ्याच जागेत!